दुसरीची बाजू : मराठी मालिकांतील तिरस्कृत स्त्रीची व्यक्तिरेखा

मराठी दैनंदिन मालिकेत संसार मोडणारी बाई पहिल्याच आठवड्यात ओळखू येते. तिचे केस मोकळे असतात, बोलण्यात इंग्रजी शब्द जास्त असतात, तिला स्वयंपाक येत नाही आणि ती दारात उभी राहिली की पार्श्वसंगीत बदलते. पत्नीच्या वाट्याला देवघर, ओटा, सासू-सासऱ्यांची औषधे आणि मुलांचे डबे येतात, तर हिच्या वाट्याला पर्स, मोबाइल आणि आरसा. पत्नीच्या दुःखाशी प्रेक्षकाने चटकन एकरूप व्हावे म्हणून ही वाटणी केलेली असते, आणि तेवढ्यापुरती ती कामाची आहे. पण तिच्यामुळे कथेतला एक माणूस कमी होतो. ज्या बाईपायी सगळे महाभारत घडते ती कोण, कुठून आली, तिला नेमके काय हवे होते आणि त्यासाठी तिने काय गमावले, हे शेकडो भाग पाहूनही कळत नाही. तिला मन देण्याचे काम मराठी मालिकांनी अर्धेमुर्धेच केले आहे. जिथे ते झाले, तिथे प्रेक्षकांनी ते मनापासून उचलून धरले.

व्यक्तिरेखेला खोली देणे म्हणजे तिला चांगली ठरवणे नव्हे. मालिकांमध्ये ही गल्लत नेहमी होते. कथेचा एक टप्पा संपत आला की त्या बाईला एक दुःखी बालपण दिले जाते, आई दारू पिणाऱ्या बापाकडून मार खात असल्याचे एक दृश्य येते, दोन भागांत डोळे भरून येतात, आणि तिसऱ्या भागात ती पुन्हा दुधात काहीतरी मिसळताना दिसते. दयेने व्यक्तिरेखा मऊ होते, पण तिला खोली येत नाही. खोली येण्यासाठी तिची मागणी प्रेक्षकाला क्षणभर तरी रास्त वाटावी लागते. तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, मग तिचे चुकले असे म्हणावे, पण म्हणताना जीभ अडखळावी, इतके बळ तिच्या बाजूत असायला हवे.

या प्रश्नाचा विचार ज्या मालिकेपासून सुरू करावा लागतो ती 'माझ्या नवऱ्याची बायको'. झी मराठीवर ती ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झाली आणि मार्च 2021 मध्ये संपली. नागपूरकडची, वऱ्हाडी वळणाने बोलणारी राधिका सुभेदार ही भूमिका अनिता दाते-केळकर यांनी केली आणि तिचा नवरा गुरुनाथ अभिजीत खांडकेकर यांनी. गुरुनाथच्या प्रेयसीची, शनायाची भूमिका आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर आणि शेवटच्या काळात पुन्हा रसिका सुनील यांच्याकडे होती. शनाया आळशी, लाडावलेली, खरेदीला सोकावलेली आणि काहीशी बालिश. प्रेक्षकांना ती आवडली, कारण तिच्यात विनोद होता. दुष्टपणाला निरागसपणाची जोड मिळाल्याने ती ठरावीक खलनायिकेहून वेगळी झाली, हे मालिकेचे श्रेय मान्य केले पाहिजे. पण त्या विनोदाच्या आड एक सोपी वाट होती. एका विवाहित, वयाने मोठ्या, सतत खोटे बोलणाऱ्या पुरुषाच्या भरवशावर एक तरुण मुलगी आपले आयुष्य का लावते, हा प्रश्न मालिकेने बराच काळ बाजूला ठेवला. राधिकेची वाढ मात्र पद्धतशीर दाखवली. घरगुती मसाल्यांपासून तिने स्वतःचा व्यवसाय उभारला आणि आत्मविश्वास कमावला. दोघींपैकी एक वर्षागणिक मोठी होत गेली आणि दुसरी होती तिथेच राहिली.

गुरुनाथचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. तो दोघींनाही फसवत होता. त्याच्या थापा, पळापळ आणि पकडले जाणे यांतून मालिकेचा निम्मा विनोद चालत असे. ज्याने विश्वासघात केला तो हसवत होता, आणि जिच्याशी संगनमत करून केला ती शिव्या खात होती. 'दुसरी'चा तिरस्कार नेहमी असाच जोडीने येतो: तिच्या वाट्याचा राग वाढतो, त्याच प्रमाणात पुरुषाच्या वाट्याचा कमी होतो. तिला उथळ ठेवण्याची खरी गरज त्या पुरुषाला असते. तिला बाजू मिळाली, तर त्याला उत्तरे द्यावी लागतील.

स्टार प्रवाहवरील 'आई कुठे काय करते!' ही मालिका डिसेंबर 2019 ते नोव्हेंबर 2024 अशी जवळपास पाच वर्षे चालली. तिचे मूळ बंगाली 'श्रीमयी' या मालिकेत आहे, आणि त्याच मुळावर 2020 मध्ये हिंदीत 'अनुपमा' आली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती, मिलिंद गवळी यांचा तिचा नवरा अनिरुद्ध देशमुख आणि रूपाली भोसले यांची 'दुसरी', संजना. संजनाची भूमिका भोसले यांच्याआधी काही काळ दीपाली पानसरे यांनी केली होती. संजना शनायाच्या बरीच पुढे गेलेली व्यक्तिरेखा आहे. ती नोकरी करते आणि कामात हुशार आहे. तिला स्वतःचा नवरा आहे, मुलगा आहे, आणि त्या मुलापासून दुरावण्याची किंमत तिने मोजलेली आहे. अनिरुद्धशी तिचे नाते अनेक वर्षांचे. इतकी वर्षे एखाद्या माणसाच्या घरी जाण्याची वाट पाहणारी बाई काय हिशेब करत असेल, याला या मालिकेत निदान जागा होती. शेवटी तिचे अनिरुद्धशी लग्न होते, ती देशमुखांच्या घरात सून म्हणून येते, आणि अरुंधती जे काम वर्षानुवर्षे बिनबोभाट करत आली त्याची अपेक्षा आता तिच्याकडून होऊ लागते. पुरुष तोच, घर तेच, फक्त ओट्यापाशी उभी असलेली बाई बदललेली. मराठी दूरचित्रवाणीवरील या विषयातली ही फार मोलाची कल्पना होती. ती पूर्णपणे वापरली गेली असे म्हणवत नाही. पुढच्या वळणासाठी कट रचणारे कोणीतरी हवे असले की संजनाला पुन्हा जुन्या साच्यात ओढले जाई.

साच्याकडे असे पुन्हा पुन्हा परतणे लेखकाच्या आळसातून होत नाही. त्याची मुळे मालिकेच्या कारखान्यात आहेत. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटे उरतात, आणि आठवड्याला असे पाच-सहा भाग लागतात. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असे पुष्कळदा असते. तयार भागांची 'बँक' क्वचितच भरलेली असते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ट्रॅक पुढे न्यायचा की आवरायचा हे त्यावर ठरते. या धावपळीत रोज एक अडथळा निर्माण करणारी व्यक्ती लागते, आणि ते काम 'दुसरी'वर येते. तिला शहाणपण आले तर इंजिनच बंद पडते. म्हणून तिला काही शिकू दिले जात नाही. दाराआडून अर्धवट ऐकणे, चुकीच्या वेळी फोन उचलणे, पुरावा लपवणे हेच ती चार वर्षे करत राहते. खरे तर लांबी हे मालिकेचे सर्वांत मोठे भांडवल आहे. नाटकाला तीन तास मिळतात, चित्रपटाला त्याहूनही कमी. मालिकेला माणूस हळूहळू बदलताना दाखवता येतो, त्याचे पिकलेले केस, वाढलेली मुले, निवलेला राग दाखवता येतो. पत्नीच्या बाबतीत मराठी मालिकांनी ही सोय मनमुराद वापरली आहे.

हिंदीत या कारखान्याचा ठसा आधी उमटला. 1998 मध्ये स्टार प्लसवर आलेल्या, नीना गुप्ता यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या 'साँस' या साप्ताहिक मालिकेत कविता कपूर यांची मनीषा ही एकटी, समजूतदार आणि हट्टी बाई होती. तिच्यावर रागावता येत होते, पण तिला खलनायिका म्हणता येत नव्हते. दोन-तीन वर्षांत दैनंदिन मालिकांचा काळ सुरू झाला आणि 2001 च्या 'कसौटी जिंदगी की'मधली उर्वशी ढोलकिया यांची कोमोलिका देशभर नमुना ठरली. भलीमोठी टिकली, केसांच्या बटेवरून फिरणारे बोट आणि ठरलेली धून. मराठीत 'आभाळमाया' आणि 'अवंतिका' या मालिकांनी नवऱ्याच्या दुसऱ्या नात्याचा विषय संयमाने हाताळला होता, पण त्यांचा कॅमेरा पत्नीच्या चेहऱ्यावर होता. पत्नी उभी राहते कशी, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि त्या काळी तोही धीटच होता.

या सगळ्यात एक व्यक्तिरेखा निराळी उभी आहे, ती म्हणजे 'रात्रीस खेळ चाले'मधली शेवंता. सिंधुदुर्गातल्या नाईकांच्या वाड्याची ही मालवणी वळणाची कथा झी मराठीवर 2016 मध्ये पहिल्यांदा आली. त्या पर्वात शेवंता प्रत्यक्ष माणूस म्हणून जवळजवळ नव्हतीच. ती कुजबुज होती, आळ होती, रात्रीची चाहूल होती. वाड्याचे धनी अण्णा नाईक यांच्या मागे राहिलेली तिची मुलगी सुषमा मात्र होती, घराच्या कडेला उभी, हक्क आणि लाज यांच्या मध्ये. जानेवारी 2019 मध्ये दुसरे पर्व आले आणि त्याने कथा मागे नेली. आता अण्णा जिवंत होते, त्यांची पत्नी माई तरुण होती आणि शेवंता रक्तामांसाची बाई होती. माधव अभ्यंकर, शकुंतला नरे आणि अपूर्वा नेमळेकर यांच्या या तीन भूमिकांवर ते पर्व ऑगस्ट 2020 पर्यंत चालले.

या मागे जाण्यातच शेवंताच्या खोलीचे रहस्य आहे. शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक होता. ती भूत होणार, तिची मुलगी बेवारशासारखी वाढणार, अण्णा तिचे कधीच होणार नाहीत. त्यामुळे ती जिंकेल की हरेल हा प्रश्न उरला नाही, आणि तिला पाहण्याची उसंत मिळाली. ती पाटणकर नावाच्या माणसाची लग्नाची बायको आहे. अण्णांच्या नजरेत सत्ता आहे, जमीन आहे, दहशत आहे. तिला ते कळते, आवडते आणि त्याची भीतीही वाटते. ती नटते, लाडीगोडी लावते, फसवते आणि फसते. तिला अण्णांचा देह हवा आहे, पण त्याहून अधिक हवा आहे गावात मान. अण्णांशी जोडलेले नाव उघडपणे मिरवता यावे, ही तिची खरी भूक. नेमळेकरांनी हा लोभ लपवला नाही, आणि त्याची लाजही बाळगली नाही. म्हणून शेवंता मोहक वाटते तेव्हा खोटी वाटत नाही आणि स्वार्थी वाटते तेव्हा परकी वाटत नाही. प्रल्हाद कुडतरकर आणि सहकाऱ्यांच्या लेखनाने अण्णांनाही सोडले नाही. हा पुरुष खुनशी, विकारी आणि क्रूर आहे हे भागागणिक दिसत राहिले. पुरुष आरोपी ठरला आणि त्याच क्षणी बाई माणूस झाली.

शेवंता भूत होते याचाही विचार व्हायला हवा. कोकणातल्या भुतांच्या गोष्टींत हडळ ही बहुधा अशीच बाई असते, जिचे घराने काही देणे ठेवलेले आहे. सौभाग्य, मूल, अग्नी, नाव यांतले काहीतरी तिला मिळालेले नसते. वाड्यात जिला जिवंतपणी जागा नव्हती ती मेल्यावर वाडा सोडत नाही. भयकथेच्या आधारे मालिकेने एक सामाजिक सत्य सांगितले, आणि कौटुंबिक मालिकांना ते जमले नव्हते. त्याचबरोबर हेही खरे की तिच्यातली माणूस असलेली बाई पाहण्यासाठी प्रेक्षकांना भुताच्या दारातून जावे लागले.

मराठी रंगभूमीने हे काम अर्धशतक आधी, कोणत्याही आडोशाविना केले होते.    त्याच्याही आधीची विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आहे. 1930 च्या दशकात, नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या अचलेला लग्नाबाहेरच्या प्रेमाचा आणि मातृत्वाचा विचार करायला लावण्याचे धाडस तिच्यात होते. मग 1967 मध्ये 'रंगायन' या नाट्यसंस्थेने विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आणले. दिग्दर्शक होते अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारे झाल्या होत्या सुलभा देशपांडे.

बेणारे ही 'दुसरी' आहे, हे नाटकाच्या कीर्तीत कधी कधी विसरले जाते. ती शाळामास्तरीण आहे, अविवाहित आहे, आणि प्राध्यापक दामले या विवाहित, मुलेबाळे असलेल्या माणसापासून तिला दिवस गेले आहेत. वेळ घालवायला म्हणून एक खोटा खटला सुरू होतो आणि बघता बघता तो तिच्यावरचा खरा खटला होतो. सुखात्मे वकिली थाटात उभे राहतात, काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतात, पोंक्षे आणि रोकडे साक्षी देतात. मुलाला बाप मिळावा म्हणून तिने कोणाकोणापुढे पदर पसरला हे चव्हाट्यावर येते. दामले नाटकात येतच नाहीत. त्यांना कोणी बोलावणे पाठवत नाही, त्यांची नोकरी जात नाही; जाते ती हिची. तेंडुलकरांनी त्या माणसाला रंगमंचाबाहेर ठेवून समाजाची सवय उघडी पाडली. शेवटी बेणारेला बोलायला काही सेकंद मिळतात, बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात, आणि ती जे बोलते ते प्रेक्षागृहाखेरीज कोणीही ऐकत नाही. त्या स्वगतात ती स्वतःला निर्दोष म्हणवत नाही. आपल्या देहावर, आपल्या वर्गातल्या मुलांवर, जगण्यावर आपले किती प्रेम आहे ते ती सांगते. तिरस्कृत स्त्रीला खोली कशी द्यावी याचा इतका अचूक धडा मराठीत दुसरा नाही, आणि रोज पाच दृश्ये लिहिणाऱ्या संवादलेखकालाही तो घेता येण्यासारखा आहे. तिच्या तोंडी समर्थन घालू नये. तिचे जगण्यावरचे प्रेम घालावे.

पडद्यावर स्मिता पाटील यांनी या भूमिकेच्या दोन्ही बाजू वठवल्या. 'भूमिका' (1977) हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला आहे. त्यात नायिका एका जमीनदाराच्या वाड्यात दुसरी म्हणून राहू लागते आणि तिथल्या अंथरुणाला खिळलेल्या पहिल्या बायकोशी तिची भेट होते. दोघींमध्ये वैर नाही. एक त्या वाड्यातून सुटण्याची आशा केव्हाच सोडून बसलेली, दुसरीला उंबऱ्याबाहेर पडण्याची मुभा नाही हे नुकतेच कळू लागलेले. 'अर्थ' (1982) मध्ये स्मिता पाटील कविता झाल्या. यशस्वी, अस्थिर मनाची, आपण कोणाचे तरी घर मोडले या भीतीने आतून पोखरलेली बाई. शबाना आझमी यांच्या पूजाला तिथे न्याय मिळाला, आणि त्यासाठी कविताला चिखलात लोळवावे लागले नाही. इंग्रजीत जीन ऱ्हीस यांनी 1966 मध्ये 'वाइड सारगासो सी' लिहून 'जेन एअर'मधल्या माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बाईला तिचे पूर्वायुष्य परत दिले. तिथे नाकारलेली बाई पहिली बायको आहे, पण लेखकाचे काम तेच: ज्या बाईला कथेने अडगळीत टाकले तिच्या खोलीत जाऊन बसणे.

अशा बाईच्या आयुष्याचा खरा कच्चा माल शयनगृहात नसतो, कागदांत असतो. मराठी लेखकांनी तिकडे फारच कमी पाहिले आहे. हिंदू कायद्यात पूर्वी पुरुषाला दुसरे लग्न करता येई, आणि सवतीला घरात निदान काही स्थान असे. मुंबई प्रांताने 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर आली. पहिल्या बायकोच्या रक्षणासाठी हे आवश्यकच होते. पण त्यानंतर देवळात हार घालून केलेले दुसरे लग्न कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरले. त्यातून झालेल्या मुलांना कायदा औरस मानतो, त्यांच्या आईला बायको मानत नाही. व्यभिचारासंबंधीचे भारतीय दंड संहितेचे कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केले. ते होते तेव्हाही त्यात फक्त पुरुषावर खटला चाले, आणि तोही बाई दुसऱ्याची पत्नी असली तरच. म्हणजे मालिकांत नेहमी दिसणारे विवाहित पुरुष आणि अविवाहित बाई यांचे नाते त्या कलमाखाली कधी गुन्हा नव्हतेच. मालिका मात्र रोज रात्री तिलाच पिंजऱ्यात उभे करत राहिल्या.

या कायदेशीर पोकळीत राहणाऱ्या बाईचे प्रश्न अगदी साधे असतात. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? मुलाच्या शाळेच्या अर्जावर बापाची सही कोण करणार? त्या पुरुषाला रुग्णालयात दाखल केले तर अतिदक्षता विभागात नातेवाईक म्हणून कोणाला आत सोडतील? तो गेला तर ती स्मशानात जाऊ शकेल का, तेराव्याला त्या घराची पायरी चढू शकेल का? दिवाळीतला पाडवा ती कोणाबरोबर साजरा करते? एखाद्या मालिकेने नुसता एक पाडवा तिच्या घरातून दाखवला तरी तिच्या अर्ध्या आयुष्याचा उलगडा होईल. ओवाळणीचे ताट तयार आहे, तो आपल्या घरी आहे, फोन बंद आहे. अशा दृश्याला कट लागत नाही, विषाची बाटली लागत नाही, आणि पार्श्वसंगीतही बेताचेच पुरते. पत्नीवरचा अन्याय यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट एका पुरुषाने दोन घरांत किती जणांचे आयुष्य टांगून ठेवले आहे ते दिसते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत या मालिकांचे वजन अधिक आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथल्या अनेक कुटुंबांत मुले शाळेत आणि रस्त्यावर हिंदी किंवा गुजराती बोलतात. आजीच्या बोलण्याखेरीज रोज कानावर पडणारे मराठी बहुधा मालिकांचेच. त्या मराठीतून बाईविषयी कोणती शब्दसंपत्ती आणि कोणता न्याय घरात येतो, ही बाब म्हणूनच करमणुकीपुरती राहत नाही.

आणि ग्वाल्हेरच्या इतिहासातच अशी एक बाई आहे. महादजी शिंदे 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला निवर्तले. त्यांच्या मागे लक्ष्मीबाई, यमुनाबाई आणि भागीरथीबाई अशा विधवा राहिल्या. धाकट्या भागीरथीबाईंचे महादजींचे वारस झालेल्या तरुण दौलतरावांशी संबंध असल्याचा आरोप थोरल्या दोघींनी केला आणि त्या दोघींना कैद करून हलवण्याचे प्रयत्न सुरू झाले. सर्जेराव घाटग्यांच्या माणसांनी त्यांचे हाल केले. यातून जे पेटले ते 'बायांचे बंड' म्हणून ओळखले जाते. त्यात शिंद्यांच्या फौजा फुटल्या आणि पुण्याचे राजकारण हादरले. याच काळात, 1798 मध्ये, सर्जेरावांच्या मुलीचे, बायजाबाईंचे, दौलतरावांशी लग्न झाले, आणि पुढे त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. थोरल्या बायांचा अपमान इतिहासकारांनी नोंदवला, आणि ते योग्यच झाले. बायजाबाईंचे कर्तृत्वही नोंदवले गेले. प्रचलित इतिहासाच्या पुस्तकांत भागीरथीबाईंचे नाव मात्र त्या एका आरोपापुरते येते. तो खरा होता की राजकारणासाठी रचलेला, आणि खरा असल्यास सत्ता हाती असलेल्या पुरुषापुढे एका तरुण विधवेला नकार देता येण्याजोगा होता का, हे प्रश्न तिथे विचारलेले नसतात. मस्तानीला 'राऊ' या कादंबरीच्या रूपाने ना. सं. इनामदार भेटले. भागीरथीबाईंची कथा लिहिण्यासाठी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी लेखकाइतका जवळचा माणूस दुसरीकडे मिळणार नाही. हे काम ग्वाल्हेरने हाती घ्यावे, आणि ते लिहिताना दौलतरावांना रंगमंचाबाहेर राहू देऊ नये.